गेणूच्या मानेवरचं जू

पैज लागली सयाजीच्या चहाच्या टपरीवर, आणि लावली गेणूनंच. "रविवारी चौकात प्रज्ञाच्या खोक्याचा खेळ रंगला, तर मी बैल व्हतो. झूल, घुंगरमाळ घालून देवळापर्यंत गाडा वढतो. न्हाई रंगला, तर तू बैल." सयाजीनं गाळणी आपटली आणि हातावर हात मारला.

खोडदच्या चौकात गेणूचं गेमचं दुकान. परदेशी कंपन्यांचे कन्सोल, एक फाटका सोफा, आणि शाळा सुटली की पोरांची झुंबड. त्यात शेजारच्या रत्नदीपची लेक प्रज्ञा इंजिनियर होऊन घरी आली आणि तिनं स्वतःच एक कन्सोल बनवला. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, बिनवायरचे रिमोट, आणि आत एकच गेम, बैलगाडा शर्यत. घाट, धुरळा, पुढं पळणारी घोडी, सगळं त्यात.

गेणू गावभर सांगत सुटला, की ज्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या गारद झाल्या तिथं ही पोरगी टोमॅटोच्या कॅरेटमधून माल विकायला निघालीय. उद्या रत्नदीप गोठ्यात विमान बनवील. लोक हसायचे. लोक हसले की गेणूचं पोट भरायचं.

पण एक दिवस रत्नदीपच्या खिडकीतून त्यानं तो गेम चालताना बघितला आणि हसू जिरलं. बघता बघता त्याचीच बोटं खिडकीच्या गजावर बैल हाकायला लागली. वर कानावर आलं, की मंचरचा एक खेळण्यांचा व्यापारी रविवारी बघायला येणार, आणि पसंत पडलं तर दुकानात मांडणार.

मग गेणूनं आपला गुण दाखवला. मेव्हण्याचा फोन घेतला, नाक चिमटीत धरलं आणि प्रज्ञाला लावला. "अँटेनाच्या हापिसातून बोलतोय. तुमच्या रिमोटमुळं आमच्या अँटेनाला खरखर ऐकू येतीय. ताबडतोब बंद करा."

दुसऱ्या कुठल्या गावात ही थाप पचली नसती. पण खोडदचं पोर रेडिओ दुर्बिणीच्या त्या थाळ्यांसारख्या अँटेनांच्या सावलीत वाढतं. तिथली माणसं आभाळ ऐकतात, आपण मधी गोंगाट करायचा न्हाई, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

रविवारी चौकात पोरं जमली, पण टेबल रिकामं. मंचरवाला चहा प्याला, घड्याळ बघितलं आणि गाडीत बसून गेला. सयाजीचा चेहरा पडला. गेणू झूल घेऊन "ये राजा, ये" करत त्याच्या मागं फिरायला लागला. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

तेवढ्यात प्रज्ञा आली. पायी, खोकं पिशवीत. अँटेनाच्या गेटवर माफी मागायला गेली होती ती. तिथल्या गार्डनं सांगितलं, इथनं कुणी फोनच केला नाही. कुणावर न चिडता ती सरळ गेणूसमोर येऊन उभी राहिली.

"गेणूकाका, तुमच्याकडं बी बिनवायरचेच रिमोट हायेत. असा फोन आला तर घाबरून दुकान बंद करू नका. कोणतरी फसवतंय. तुमचं पोट हाय त्याच्यावर."

गेणूच्या हातातली झूल जड झाली. त्यानं विचारलं, मंचरवाला परत येईल का. प्रज्ञा ओढणीनं खोक्यावरची धूळ पुसत म्हणाली, "आता कशाला येतोय."

गेणूनं झूल स्वतःच्या पाठीवर टाकली. "त्यो फोन मी केला व्हता. पैज मी हरलो."

चौक खदाखदा हसला. सयाजी म्हणाला, जिंकूनबी बैल व्हायची हौस बघा राव. गेणूनं नाक चिमटीत धरून तेच वाक्य त्याच आवाजात म्हणून दाखवलं. लोक आणखीच हसले. आजवर इतकं हसवलं होतं, की आता खरं सांगायला त्याच्याकडं तोंडच उरलं नव्हतं.

तो आवाज ऐकून एकटी प्रज्ञा हसली नाही.

गेणूनं मान खाली घातली आणि जू खांद्यावर घेतलं. घुंगरं वाजली, पोरं शिट्ट्या मारत मागं लागली, कुणीतरी गुलाल उधळला. प्रज्ञा रस्त्यातच उभी होती. गाडा जवळ आला तसं तिनं खोकं छातीशी धरलं आणि बाजूला सरून बैलाला वाट दिली.