रफूतली गाठ

तीस वर्षांत अकरा घरं बदललेल्या बाईला बाराव्या घराचं काय कौतुक असणार, असं कुणालाही वाटेल. रफूवालीला मात्र होतं, आणि भरपूर होतं. तिचा नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन. जिथे खांब उभे करायचे तिथे त्याची बदली, आणि त्याच्यामागून हिची खोकी. एका घरात तर खोकी सोडायच्या आतच पुढच्या बदलीचा कागद आला होता. आता नवरा निवृत्त झाला, आणि जन्मात पहिल्यांदा दोघांनी आपल्या मनाने घर निवडलं. बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी रुंद खिडकी. बघायला आली त्याच दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "आता मला इथून हलवायचं नाही. मेले तरी याच जिन्यावरून खाली न्या."

"जिना अरुंद आहे," नवरा म्हणाला.

जिन्याचं सोडा, घोडं अडलं होतं मालकीणबाईंपाशी. वय सत्तरीचं, पाठ ताठ, बोलणं मोजून. मागच्या गल्लीत राहायच्या. किल्ली देताना म्हणाल्या, "महिनाभर राहून बघा. मलाही बघू द्या. पसंत पडलात तर पुढचं बोलू." भिंतीत खिळा मारायचा नाही, कपाट हलवायचं नाही, आणि खिडकीच्या पडद्याला हात लावायचा नाही. तो धुवायचा झाला तर त्या स्वतः येऊन नेतील. खालच्या बेकरीवाल्याने उरलेली माहिती फुकटात पुरवली. दोन वर्षांत तीन भाडेकरू महिना पुरा व्हायच्या आत गेले होते. एकाने खिळा मारला, दुसरीने कपाट हलवलं, आणि तिसऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, बाईंना त्याचं शिंकणं आवडलं नाही.

तर अशा घरात तीन आठवडे सुखाचे गेले. नवऱ्याला आता खांबावर चढायचं नव्हतं, मग त्याने रस्ते धरले. रोज सकाळी निघायचा आणि कागदाच्या पुड्या घेऊन परतायचा. एके दिवशी कांदा भरलेले पाव, एके दिवशी वाटाण्याचं घट्ट कढण, एके दिवशी कुठल्याशा म्हातारीच्या हातचं लोणचं, जे खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी त्याने बोट चाटलं. प्रत्येक पुडीबरोबर बातमी असायची: कोण कुठे काय तळतं, कोण दुपारी चारनंतर शिळं खपवतं. रफूवालीने खिडकीपाशी खुर्ची टाकली, सुयांची डबी, भिंग आणि दोऱ्यांचा पत्र्याचा डबा मांडला. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने कसर लागलेला एक कोट परीक्षेपुरता दिला. दुसऱ्या दिवशी तो कोट उजेडात धरून भोक शोधत बसला, आणि सापडेना तेव्हा आणखी सहा कपडे पाठवून दिले. बाईला आणखी काय हवं? हाताला काम, जिभेला चव, खालून येणारा ताज्या पावाचा वास. मनातल्या मनात तिने दोऱ्यांच्या डब्याची जागासुद्धा कायमची ठरवून टाकली होती.

पण जित्याची खोड कशी जाणार? एका दुपारी ऊन तिरपं आलं, आणि पडद्याच्या एका जागेवर तिची नजर अडली. मेंदीच्या रंगाचा जाड सुती पडदा. तिथे चार बोटांएवढा तुकडा किंचित दाट दिसत होता. ज्याला कळत नाही त्याला आयुष्यभर दिसला नसता. ती उठली, बोट फिरवलं. रफू होतं. आणि काय रफू होतं! उभे धागे, आडवे धागे, वीण अगदी मूळ कापडाची. तिने पडदा उलटा केला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मागच्या बाजूला प्रत्येक धाग्याच्या शेवटी बारीक गाठ होती.

आता रफूत गाठ मारत नाहीत. तिच्या गुरुमाउलीने पहिल्या दिवशी शिकवलेला हा पहिला धडा. धागा कापडातच जिरवायचा. मग पुढून इतकं सुरेख आणि मागून इतकं अडाणी काम करणारा हा कोण प्राणी? शिंपी नव्हे, रफूगार नव्हे. आणि गाठही साधी नव्हती. दोन वेढे, टोक खालून, मग उलटा फास. अशी गाठ तिने तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"कुणीतरी केलंय," नवरा कढण भुरकत म्हणाला. "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. आणि त्या पडद्याला हात लावू नकोस."

दोन दिवस तिने कळ काढली. तिसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागले. एकच गाठ सोडून बघू, लगेच बांधून टाकू, एवढंच तिने ठरवलं होतं. पण एक गाठ सुटली की धागा पुढे कुठे जातो हे बघावंसं वाटतं, आणि तो जातो तिथे दुसरी गाठ असते. चुलीवरचा चहा आटून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. पडद्याला चार बोटांचं भोक पडलं होतं. मांडीवर धाग्यांचा गुंता होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तरीही, तुम्हांला खोटं वाटेल, तिने आधी भिंग उचललं. भोकाच्या कडेला, जुन्या विणीत अडकलेले, पांढऱ्या दोऱ्याचे कापलेले तुकडे होते. त्यांच्यावर पिवळट दोऱ्याचे. सोडवलेलं सगळं रफू मात्र पडद्याच्याच धाग्यांचं होतं. तिने पडद्याची खालची दुमड उलगडली, तर आतली किनार विरळ झालेली. धागे तिथूनच एकेक करून उपसले होते. म्हणजे आधी पांढऱ्याने केलं, जमलं नाही, उसवलं. मग पिवळट, तेही उसवलं. मग कुठे शहाणपण सुचलं. आणि एका कोपऱ्यात, दोन धाग्यांच्या मध्ये, गंजलेलं सुईचं टोक रुतून बसलं होतं. सुई जोर करून ढकलली की मोडते. नवशिक्याची सुई मोडते.

नवरा घरी आला तेव्हा त्याच्या हातात खालच्या बेकरीतला, दोरीने बांधलेला बिस्किटांचा खोका होता. भोक बघून त्याने डोक्याला हात लावला. "रविवारी बाई येणार आहेत," तो म्हणाला. "चार दिवस राहिलेत महिन्याला. पायावर धोंडा कसा मारून घ्यावा हे तुझ्याकडून शिकावं."

ती खोक्याकडे बघत होती. दोन वेढे, टोक खालून, उलटा फास. तिने खोका उचलला आणि तशीच जिना उतरली.

"ही गाठ?" बेकरीवाला हसला. "ही आमच्या मालकांची. मालक म्हणजे तुमच्या मालकीणबाईंचे यजमान, तेव्हा दोघं वरच राहायचे. बेकरी त्यांचीच होती, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ही एका हाताने मारता येते, काकू. दुसऱ्या हातात गरम ट्रे असला तरी खोका बांधून होतो. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. आता मी सोडून कुणाला येत नाही."

"त्यांना शिवणकाम यायचं?"

"त्यांना? शर्टाचं बटण तुटलं तर टाचणी लावून फिरायचे."

रफूवाली वर आली ती पायऱ्या मोजत आल्यासारखी आली. मेलेल्या माणसाच्या हातचं काम तिने मोडलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि या घराचं आता काही खरं नाही हेही कळलं.

"यात रडायचं काय?" नवरा म्हणाला. "तू रफूवाली आहेस ना? भर ते भोक. कळणार नाही असंच तर तुझं काम."

खरं होतं. तेच तिचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसलीसुद्धा. किनारीतले धागे उपसले, चार घातले, आणि थांबली. दुसऱ्याची कारागिरी झाकून त्याच्या नावावर आपली ठेवायची, हे तिच्याने होईना. तिने ते चार धागे काढून घेतले. नवऱ्याने मुकाट्याने माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढली.

रविवारी मालकीणबाई आल्या. भिंती पाहिल्या, कपाट पाहिलं. मग रफूवालीनेच पडदा पुढे केला आणि सगळं सांगितलं. उजेड, रफू, मोह, भोक.

"हात लावू नका म्हटलं होतं मी," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण नवरा दोन पावलं मागे सरकला. बाई भोकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खांदे उडवले. "जाऊ दे. नाहीतरी बाहेरून करून आणलेलं काम होतं ते. तुम्ही कारागीर आहात, पुन्हा करून टाका. खिळे तरी मारले नाहीत तुम्ही."

नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी वळून पाहिलं. सुटलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. घर राहिलं होतं. रफूवालीने फक्त "बरं" म्हणायचं होतं.

"बाहेरून?" तिने विचारलं.

"मग काय," बाई म्हणाल्या. "आमचं भांडण झालं होतं. यांनी रागात पडदा ओढला, तो टरकन फाटला. मी उठले ती भावाकडे गेले, पंधरा दिवस आले नाही. आले तर पडदा जागेवर. मी विचारलं, बाहेरून करून आणलंत ना? ते म्हणाले, हो. एवढंच. चुकलं म्हणाले नाहीत, काही नाही. फाटलं, दुसऱ्याकडून शिवून घेतलं, मिटलं. एकतीस वर्षं मी हे त्यांना ऐकवलं. चार माणसांतसुद्धा ऐकवलं."

नवरा मागून मान हलवत होता. नको, नको. रफूवालीला ते दिसलं. हे सांगितलं तर आपण काय मोडलंय ते बाईंना कळणार, आणि मग कुठलं घर नि कुठली खिडकी. पण ते सगळं काम बघितलेली जगात ती एकटीच होती. ती गप्प बसली असती तर ते कुणालाच कळलं नसतं.

"बाहेरून नव्हतं आणलं, बाई," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः केलं होतं. आणि ते मी उसवलं."

मग तिने जपून ठेवलेला गुंता कागदावर मांडला. एक न सोडलेली गाठ उरली होती, तिच्याशेजारी बिस्किटांच्या खोक्याची दोरी ठेवली. पांढरे तुकडे दाखवले, पिवळट दाखवले, विरळ किनार दाखवली. "तीन वेळा तरी केलंय. दोनदा उसवलंय. ज्याला येत नाही त्याला एवढं करायला दहा-बारा दिवस लागतात, तेही रोज बसलं तर." शेवटी तिने सुईचं गंजलेलं टोक बाईंच्या तळहातावर ठेवलं.

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. ते टोक त्यांनी बोटांत फिरवून पाहिलं.

"परत आले तेव्हा माझ्या डबीत दोनच सुया होत्या," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सुयांना काय पाय फुटले? तर हे समोर बसून पेपर वाचत होते."

बाईंनी पदराने डोळे पुसले, उघडपणे, लपवायच्या फंदात न पडता. "हो कशाला म्हणाला हा माणूस," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचं की. मी विचारलंच तसं टोचून. हो म्हणाला, आणि जन्मभर ऐकून घेतलं."

"आम्ही निघतो, बाई," रफूवाली म्हणाली. "तुमचं जे मोडलं ते माझ्याने भरून निघायचं नाही. भोक बुजवीन, पण तो हात माझा असेल, त्यांचा नाही."

बाईंनी कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"तुम्ही नाही बुजवायचं," त्या म्हणाल्या. "मी बुजवीन. मला शिकवा. किती दिवस लागतात शिकायला?"

बाईंच्या पाठीमागे उभा राहून नवरा हाताची चार बोटं दाखवत होता. चार दिवस म्हण, चार आठवडे म्हण, काहीतरी सोपं म्हण. रफूवालीला कामाच्या बाबतीत खोटं कधी बोलता आलं नाही.

"रफू दिसणारच नाही इतकं चांगलं करायचं, तर वर्ष लागेल. रोज तासभर. हात जड असला तर दीड."

मालकीणबाईंनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

"जडच आहे," त्या म्हणाल्या. "मग दीड वर्ष धरा. आणि ती खोकी माळ्यावर टाका, पायात येतात."

त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, चष्मा पुसला आणि हात पुढे केला. रफूवालीने त्यांना एक सुई दिली आणि पडद्याच्या किनारीतला एक धागा. सुईत धागा ओवायलाच बाईंना दहा मिनिटं लागली, आणि रफूवालीने त्यांना अजिबात मदत केली नाही.