तळाला उरलेलं

मी कढई. लोखंडाची, दोन कानांची, मखमलाबादच्या एका भाजीवाल्याच्या घरची. सध्या मोरीजवळ पालथी पडलेय. इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता बोलते.

माझा जन्म दिंडोरी रस्त्याच्या कडेला, घिसाड्यांच्या पालावर झाला. घिसाडी मला चिमट्यात धरायचा आणि त्याची बायको भागीबाई घण घालायची. तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडून चर्र व्हायचा. नवसाबाई तेव्हा या घरची नवी नवरी होत्या. मला त्यांच्या हातात देताना भागीबाई म्हणाली, "रोज जाळावर ठेव हिला. बसवून ठेवलीस तर गंजून जाईल."

नवसाबाईंनी मला बसवून ठेवलं नाही. त्यांच्या ज्ञानेशचं लग्न झालं, घोटीहून सुवर्णा आली, आणि मी तिच्या हातात गेले.

मळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर. चांगल्या जुड्या बाजारात जायच्या, पिवळी पानं माझ्यात यायची. जेवायचा क्रमही ठरलेला. आधी ज्ञानेश, मग नवसाबाई आणि नात भाग्यश्री. सगळे उठले की सुवर्णा मला पुढ्यात ओढायची आणि भाकरीच्या तुकड्यानं माझा तळ पुसून खायची. पिठलं असलं की तिची चंगळ. तळाला लागलेली खरवड नखानं सोडवायची आणि डोळे मिटून चघळायची.

"कढईत जेवू नये गं, लग्नात पाऊस येतो," नवसाबाई म्हणायच्या.

"माझं झालं की आत्या लग्न."

"मग पोरीच्या लग्नात येईल."

"येऊ द्या. मांडव मोठा घालू."

हसायच्या दोघी. पण 'आधी ताट वाढून घे', असं त्या बाईच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

ज्ञानेश बाजारातून येताना रोज भजी, मिसळ हाणून यायचा. चाळिशीतच साखर वाढली, बीपी वाढलं. एकदा भाजीच्या लिलावातच चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं बंद. घरचं, ताजं खायचं, तेल मोजून, आणि जमलं तर लोखंडी कढईत. ते ऐकून मला गर्व वाटला. मूर्ख होते मी.

सुवर्णानं ते मनावर घेतलं. नवऱ्याला नाचणीची भाकरी, सासूला कमी मिठाचं, पोरीला डबा. पालक शिजताना माझ्या अंगातलं लोखंड त्यात उतरायचं. सहा महिन्यांत ज्ञानेशची साखर खाली आली. नवसाबाई जिना चढायला लागल्या. दारात येईल त्याला सांगायच्या, "आमच्याकडं हाटेलचं कोणी तोंडात घालत नाय. म्हणून दवाखाना नाय."

आणि सुनेला सांगायच्या, "मोजूनच कर. उरलं की शिळं खाण्यात येतं."

सुवर्णा मोजून करायला लागली. तीन माणसांचं. चौथं माणूस त्या मापात कधी धरलंच नव्हतं, ते माझ्या तळावर जगत होतं. आता तळाला काही उरेना. ती तुकडा फिरवायची, तो कोरडाच वर यायचा. मग चहात दोन टोस्ट बुडवायची आणि कोथिंबीर काढायला निघून जायची. पुढं पुढं मला उचलताना ती मध्येच ओट्यावर टेकवायला लागली. माझं वजन काही वाढलं नव्हतं. घरातल्या दोन शहाण्या मोठ्या माणसांना हे दिसलं नाही. दिसलं असेल आणि बोलले नसतील, तर त्यांना काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एक दिवस फोडणी टाकता टाकता ती खाली कोसळली.

दवाखान्यातून ज्ञानेश एकटाच आला. आईला म्हणाला, "रक्त चढवत्यात. हिमोग्लोबिन पाच हाय. डॉक्टर विचारतात, पेशंट काय खाते? मी म्हणालो, घरचंच, आमच्याकडं सगळे घरचंच खातात. तर म्हणे, घराचं नाय विचारलं, हिचं विचारलं."

नवसाबाई मेथी निवडत राहिल्या.

"तिच्या आवडीचं काही आणा म्हणाले. काय आवडतं तिला?"

"तिला? ती काय, सगळंच खाती."

"सगळं म्हंजे काय, आई?"

भाग्यश्री म्हणाली, "शिरा आवडतो बहुतेक. का तो तुम्हाला आवडतो, पप्पा?"

मी तिथंच ओट्यावर होते. पिठलं, जरा लागू दिलेलं. अठरा वर्षं मला ठाऊक होतं.

शेवटी मेसचा डबा गेला. संध्याकाळी तो तसाच भरलेला परत आला.

चौथ्या दिवशी तिचा भाऊ भिकन तिचे कपडे न्यायला आला. घोटीला घेऊन चाललो, म्हणाला.

"इथं काय कमी हाय, भिकनराव? एवढा भाजीचा मळा हाय," नवसाबाई म्हणाल्या.

"मळा लय मोठा हाय, मावशी. त्यात माझ्या बहिणीचं ताट कुठं हाय तेवढं दाखवा, लगेच माघारी फिरतो."

नवसाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. रडणं खरं होतं. पण सुवर्णा येण्याआधी पंचवीस वर्षं त्या स्वतः माझाच तळ पुसून जेवल्या होत्या. त्यात किती मावतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला सुनेपुढं सरकवलं. हे मी त्यांना माफ करणार नाही.

चार महिने झाले. घरात मेसचा डबा येतो. ज्ञानेशची साखर पुन्हा चढलीय. रोज फोन करतो, "कधी येतीस? इथं खायचे लय हाल होतात." पलीकडून ती काय म्हणते ते मला ऐकू येत नाही. 'जेवलीस का', असं त्यानं अजून एकदाही विचारलेलं नाही.

घरचं खा. ताजं खा. पडलेली माणसं त्यानं उठून बसलेली मी पाहिलीत. फक्त मला गॅसवरून उतरवलं की पहिलं ताट रांधणारीचं वाढा, आणि ते संपेपर्यंत तिच्यासमोर बसा.

भागीबाईचं म्हणणं खरं झालं. मला गंज चढलाय. मोरीत पाणी सांडलं की माझ्याखालून तांबडा ओघळ निघतो. जे लोखंड सुवर्णाच्या रक्तात जायला हवं होतं, ते असं मोरीतून वाहून चाललंय.