लाल फुलीचं झाकण

वीस-वीस लिटरचे दोन कॅन. काठोकाठ भरलेले. सकाळी साडेसहाला माझा दीर ते गाडीत मागे चढवत होता आणि मी दारात उभी राहून बघत होते.

"भावजी, डोंगरावर चाललोय की वाळवंटात?"

"असू द्या, वहिनी. जुनी गाडी आहे."

घ्या! गाडी जुनी आहे हे हा मला सांगणार. नवरा शिडीवरून पडला, मणक्याला मार बसला, तेव्हापासून चार महिने ती गाडी मीच चालवतेय. थंडीत चोक किती ओढायचा, फोर व्हीलचा दांडा कुठे अडतो, कुठल्या वेगाला डावं दार खडखडतं, सगळं मला पाठ. एवढ्या वेळात तिला एका बाटलीपेक्षा जास्त पाणी कधी लागलं नाही. चाळीस लिटर पाणी कोण घेतं? ज्याला आधीच ठाऊक असतं की ते लागणार आहे, तो घेतो. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथे.

दीर मेकॅनिक. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज आहे. सगळे म्हणतात, गरीब गाय आहे. मीही म्हणायचे. पण दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरबाईंच्या कंपाउंडरनं मला सांगितलं होतं, की तुमचे दीर येऊन मंगळवारच्या फेरीबद्दल बाईंशी बोलून गेले. हा माणूस माझ्याकडे आठवड्यातून तीनदा चहा प्यायला येतो, पण त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. पोटात एक आणि ओठात एक.

मंगळवारची फेरी म्हणजे वरच्या वस्तीवर लसींची पेटी आणि डॉक्टरबाई, दोघांना पोचवणं. नवरा अकरा वर्षं ती फेरी करत होता. तो पडल्यावर बाईंनी भाड्याच्या गाड्या लावून बघितल्या, दोन वेळा नदीच्या पात्रात रुतल्या. मग त्या मला म्हणाल्या, "एक मंगळवार तुम्ही करून दाखवा. वेळेत पोचलात तर फेरी तुमची. नाही तर मला दुसरं बघावं लागेल."

तो मंगळवार हाच होता. मला ती फेरी हवी होती. का, ते स्पष्टच सांगते. सतरा वर्षं या गावात मी 'त्याची बायको' होते. चार महिन्यांपासून लोक मला 'गाडीवाली' म्हणायला लागले होते, आणि ते ऐकलं की माझी मान अर्धा इंच वर जायची. आता कुणी ते काढून घेणार असेल तर मी त्याला सोडणार नव्हते, मग तो दीर का असेना.

आदल्या संध्याकाळी इंजिन ऑइल बदलायला मीच त्याला बोलावलं होतं. अर्धा तास तो शेडमध्ये एकटा होता. तो गेल्यावर मी स्वतः ऑइल बघितलं, रेडिएटरचं पाणी बघितलं, झाकण घट्ट लावलं. सगळं ठीक होतं. पण सकाळी मी बाहेर यायच्या आधीच हा शेडमध्ये हजर! म्हणे, "पहिलाच चढ आहे, मी येतो सोबत." नवरा भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता. मी "येते रे" म्हटलं तर नुसतं हूं केलं.

डॉक्टरबाई पुढे बसल्या, लसींची पेटी मांडीवर. दीर मागे, कॅनच्या शेजारी. नदीचं पात्र ओलांडलं, फोर व्हील लावलं, चढ सुरू झाला. चढ कसला, नुसती दगडांची रास. लो गिअरमध्ये गाडी कुथत कुथत चालली होती. मी आरशात बघितलं तर माझा दीर मधोमध सरकून माझ्या खांद्यावरून पुढे बघत होता. रस्त्याकडे नाही, पाणी किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे.

काटा अजून मधोमध होता. तरी हा म्हणतो, "वहिनी, जरा थांबून घेऊ या का?"

"का? तुम्हाला लागलीय का?"

बाई हसल्या. तो हसला नाही. दुसऱ्या वळणावर काटा हलला. तिसऱ्या वळणावर लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून सूं करून वाफ निघाली. गेली फेरी, म्हटलं. तरी हात बरोबर चालले. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावली, बंद केली, चाकामागे दगड टाकला.

"पेटीतला बर्फ अकरापर्यंत टिकेल," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "आत्ता नऊ वाजलेत." मग त्यांनी फोन काढून वस्तीवरच्या नर्सला कळवलं, उशीर होईल म्हणून. आवाज शांत होता त्यांचा. तोच मला जास्त लागला.

दीर बॉनेट उघडून आत वाकला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, अगदी खेटून. म्हटलं, बघू या चोर काय काय करतो.

त्यानं पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. पट्टा ताठ होता. पंख्याची पाती हलवून बघितली, तीही शाबूत. वरची पाइप, खालची पाइप, क्लॅम्प, सगळीकडे हात फिरवला. कुठे ओल नव्हती. रेडिएटरच्या जाळीत गवत अडकलंय का, ते मी बघितलं. कुठून अडकणार? दर रविवारी ब्रशनं साफ करते मी. मग त्यानं ऑइलची पट्टी ओढली. ऑइल स्वच्छ होतं, दुधासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी इंजिनच्या पोटात शिरलं नव्हतं. जिवात जीव आला, पण मी तोंडावर दिसू दिलं नाही.

"पाणी वरच्या बारक्या नळीतून बाहेर पडलंय," मी म्हटलं. खालच्या दगडांवर ओघळ दिसत होता. "झाकणापाशी."

"हं," तो म्हणाला. "थंड होऊ दे आधी."

हे मलाही कळतं. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचं तोंड भाजतं. आम्ही पस्तीस मिनिटं थांबलो.  तो दगडावर बसून काडीनं दात कोरत होता. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांची वरात काढली. त्यात माझ्या सासऱ्यांचाही नंबर लागला, त्याला माझा इलाज नव्हता.

शेवटी तो उठला. झाकणावर फडकं टाकलं, थोडं सैल केलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, मग काढलं. उलटं करून बघितलं आणि पटकन माझ्याकडे पाठ केली. झाकण फडक्यात गुंडाळून पँटच्या खिशात!

"खिशात काय टाकलंत?"

"काही नाही. फडकं."

"भावजी, मी आंधळी आहे का? काढा ते बाहेर."

"वहिनी, राहू द्या ना. मी करतो काहीतरी."

"काढा म्हणते ना!" माझा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. बाई गाडीतून उतरल्या.

त्यानं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं. बघताक्षणीच कळलं, संध्याकाळी मी लावलेलं झाकण हे नव्हे. आतली रबराची चकती वाळून चिरलेली. अशा झाकणात दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. सपाट रस्त्यावर कळणारही नाही, चढावर हमखास दगा.

"चुकून माझ्याकडून बदललं गेलं असेल," तो मान खाली घालून म्हणाला. "सकाळी. घाईत."

हाती आला म्हणायचा चोर. चार शिव्या माझ्या जिभेवर तयार होत्या. तेवढ्यात मी झाकण पालथं केलं.

वरच्या पत्र्यावर ब्लेडनं खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या, आणि पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत लाल रंग अडकून राहिला होता.

आमच्या घरात सासऱ्यांपासून एक शिस्त आहे. मेलेला पार्ट फेकायचा नाही आणि परत लावायचाही नाही. त्याच्यावर लाल रंगाची फुली मारायची आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचा. त्या पेटीला कुलूप असतं.

"भावजी," मी विचारलं, "पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

त्यानं फडक्याची घडी घालायला घेतली.

"तुम्हाला तरी कधी मिळालीय का ती?"

"नाही," तो म्हणाला. मग एकदम सगळं बाहेर पडलं त्याच्या तोंडून. "मी सहाला आलो तेव्हा दादा काठी टेकत शेडमधून परत चालला होता. मला म्हणाला, हवा खायला आलो होतो. बोटं काळी होती त्याची. बॉनेट उघडून बघितलं, वरून सगळं जागेवर होतं. विचारायचा धीर झाला नाही, वहिनी. मोठा भाऊ आहे. म्हटलं, पाणी तरी जास्त घेऊ. काट्यावर लक्ष तरी ठेवू."

किल्ली नवऱ्याच्या उशाखाली असते. चार महिने तीच उशी मी रोज झटकतेय.

"अहो, तुम्ही यांच्यावर कशाला ओरडताय?" डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "तुमचं नाव यांनीच तर सुचवलं मला. मी बाईमाणूस नको म्हणत होते. दोन महिन्यांपूर्वी येऊन तासभर भांडले माझ्याशी."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या चढावर कळलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी दिराला विचारलं.

"तुम्ही म्हणाला असतात, माझ्यासाठी वशिला लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

खरंच म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत.

रडायला वेळ नव्हता. हत्यारांच्या पिशवीत फाटक्या ट्यूबचा तुकडा होता. त्यातून दिरानं ब्लेडनं गोल चकती कापली, मी झाकणात बसवली. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं तर अर्धा कॅन रिकामा झाला, त्यावर दोघांनी मिळून झाकण दाबून फिरवलं. मग मी हीटर पूर्ण चालू केला. बाई म्हणाल्या, "या उन्हात हीटर?" म्हटलं, "इंजिनचा ताप तो आपल्या अंगावर घेतो. सोसा थोडं." खिडक्या सताड उघड्या, तिघंही घामानं निथळतोय, प्रत्येक वळणावर पाच मिनिटं थांबतोय, अशी आमची वरात निघाली. काटा लाल पट्ट्याच्या एक बोट अलीकडे थरथरत राहिला, पण पुढे गेला नाही.

पावणेअकराला वस्ती आली. बाईंनी पेटी उघडून बर्फाला हात लावला आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी सात वाजता. नवीन झाकण घालून."

परतीचा उतार लागला. मनात नवऱ्याला काय काय सुनावायचं त्याची उजळणी चालली होती. स्वतःच्या बायकोची गाडी बिघडवतोस? तिची फजिती व्हावी म्हणून? लाज नाही वाटली? घर येईपर्यंत माझं भाषण मुखोद्गत झालं होतं.

आत गेले तर नवरा खाटेच्या कडेला बसलेला. फार वेळ बसता येत नाही त्याला, पण बसला होता. दाढी केलेली. ड्रायव्हिंगला जायचा तो खाकी शर्ट, पायात बूट, नाड्या नीट बांधलेल्या. हातात फोन. चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला.

"केवढा उशीर," तो म्हणाला. "तापली ना चढावर?"

मी गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"तिसऱ्या वळणावर तापली असेल. मला माहीत होतं. फोन का नाही केलास? मी इथे सकाळपासून बसलोय. सांगितलं असतं ना, झाकण बघ म्हणून. दोन मिनिटांचं काम होतं. तिथे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं."

आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलंच नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा. चार महिन्यांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. गाडीबद्दल तर नाहीच. मीही नाही. मी गाडी बाहेर काढायचे, आणायचे, आणि त्याला गोळी कधी घ्यायची तेवढं सांगायचे. त्याला मला पाडायचं नव्हतं. मी अडावं आणि त्याला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

पाठ केलेलं सगळं भाषण तसंच राहून गेलं. राग होताच, अजून आहे. बाईंची पेटी होती गाडीत, वर पोरं लसीसाठी खोळंबली होती, हे विसरता येत नाही मला.

"रेंज नव्हती का?" त्यानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो दोघंही.

"होती," मी म्हटलं. "तुला फोन करायचं माझ्या मनातच आलं नाही."

त्यानं हातातल्या फोनकडे बघितलं. मग त्यानं तो गादीवर ठेवला आणि बुटाच्या नाड्या सोडायला खाली वाकला. वाकता येईना. पुन्हा प्रयत्न केला, ओठ दाबून धरले, हात गुडघ्याच्या खाली जाईना. सकाळी त्या नाड्या त्यानं कशा बांधल्या असतील देव जाणे.

मी दारातच उभी होते. हाक मारेल असं वाटलं. त्यानं मारली नाही. मग मीच पुढे झाले आणि खाली बसले.