दोन मापं मिरपूड

एगॉनने हार्नेसंडच्या बंदरात आयुष्यभर जहाजांना वाट दाखवली, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात तो परकाच राहिला. जानेवारीत बर्फावरून घसरून त्याच्या बायकोचं, वेंडेलाचं, उजवं मनगट मोडलं आणि चूल त्याच्या गळ्यात पडली.

जेवणात खोड काढायची त्याला जुनी सवय. पाहुण्यांसमोर ताटली पुढे सरकवून तो म्हणायचा, "आमच्या वेंडेलाचा हात मिठाला जरा सढळच आहे." लोक हसायचे. तीही हसायची आणि ताटली उचलून आत न्यायची.

त्या रविवारी वेंडेलाची बहीण बार्ब्रो जेवायला आली. एगॉनने कॉडचा रस्सा करायला घेतला होता. पाककृतीत पांढऱ्या मिरपुडीपुढे 'दोन क्रिडमॉट' असं माप होतं. हे कुठलं माप, त्याला कळेना. वेंडेला पलीकडच्याच खोलीत होती. पण इतक्या वर्षांनी बायकोला चमचा कुठला म्हणून विचारायचं, हे त्याला जड गेलं. मिरपुडीचं माप म्हणजे लहानच, चहाचा चमचा असणार, असं धरून त्याने दोन चमचे घातले आणि वर शेपू भुरभुरवली. चव घेऊन बघायचं त्याला सुचलंच नाही.

बटाटे घेऊन तो टेबलाशी आला तेव्हा दोघी बहिणी जेवत होत्या. बार्ब्रोचे डोळे पाणावले होते. कसं झालंय, असं विचारल्यावर ती म्हणाली, चांगलं गरम आहे. मग त्याने स्वतः एक घोट घेतला आणि त्याचा घसाच पेटला. खोकला आवरल्यावर त्याने विचारलं, हे तुम्ही खाताय कशाला?

वेंडेला उठली. आत जाऊन डाव्या हाताने तिने मापांचा जुडगा आणला आणि त्यातलं नखाएवढं माप त्याच्यापुढे धरलं. "हे क्रिडमॉट. चहाच्या एका चमच्यात अशी पाच मावतात."

"मग एक घास खाऊन बाजूला सारायचंस ना."

"ताटली सरकवली की करणाऱ्याला कसं वाटतं, मला माहीत आहे."

आवाजात राग नव्हता. त्याचे कान तापले. तो बार्ब्रोकडे वळून म्हणाला, "मी तुझ्यादेखतही तिला तसं बोललोय."

"हो," बार्ब्रो म्हणाली, "आणि मी हसले होते."

मग तिघांनी कडक पाव आणि चीज खाल्लं. बार्ब्रो गेल्यावर एगॉन पातेलं घासत बसला, लख्ख झालं तरी घासतच राहिला. कॉफी निवतेय, अशी वेंडेलाने हाक मारली. तो जाऊन तिच्या शेजारी बसला. तिने कप त्याच्याकडे सरकवला, पण त्याच्याच्याने वर बघवलं नाही.