पंखातली पिवळी होडी

मी एक जुनी रबराची होडी आहे. पिवळी, गोल, आता कडेने भेगाळलेली. मित्रांनो, सहलीला नेतात तसली मी नव्हे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर मला घट्ट घडी घालून एका बॉम्बफेकी विमानाच्या पंखात कोंबलं होतं. विमान समुद्रात पडलं तरच मी फुगून बाहेर यायचं. म्हणजे माझी गरज लागली, की माझ्या माणसांवर घाला आलाच. म्हणून दर खेपेला मी एकच मागायचे, मला उघडावं लागू नये.

पंखात मिट्ट काळोख असायचा. शेजारी इंजिन गरजायचं. शत्रूच्या तोफा सुरू झाल्या की पत्रा थरथरायचा आणि मी घडीतल्या घडीत आक्रसायचे. मग पोटातले बॉम्ब सुटायचे आणि विमान एकदम हलकं होऊन वर उसळायचं. खाली कुणाची घरं होती, ते मला कधी दिसलं नाही.

विमानात सात जण असायचे. उडायच्या आधी ते पंखाखाली सिगारेटी ओढत उभे राहत, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू यायचं. कप्तान नॉरिस मोजकंच बोलायचा. इंजिनांवर नजर ठेवणारा ट्रेगियर कोळ्याच्या घरातला, जिभेने तिखट. बिनतारी यंत्रावर वेल्समधला आयव्हर. आणि शेपटाच्या टोकाला, मशीनगनमागे, एकटा बसणारा डूगल.

"डूगल, तू बसतोस उलटा," ट्रेगियर त्याला चिडवायचा. "घर आलेलं तुला सगळ्यात शेवटी कळणार!"

"पण मागे कोण लागलंय ते सगळ्यात आधी कळतं," डूगल म्हणायचा. त्यावर कुणी हसायचं नाही.

१९४३च्या नोव्हेंबरात जर्मनीहून परतताना आमची दोन इंजिनं पेटली. कसंबसं समुद्रापर्यंत आलो. उजाडता उजाडता विमान पाण्यावर आपटलं. गार पाणी पंखात शिरलं, मला जोडलेल्या बाटलीतला वायू फसकन माझ्यात भरला आणि मी बाहेर फेकले गेले. आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहिला, तो असा.

तिघेच माझ्यात चढले. नॉरिस, आयव्हर आणि ट्रेगियर. ट्रेगियरची मांडी फाटली होती. दुसरे तिघे आपटण्यातच गेले होते. शेपूट मात्र अजून पाण्यावर होतं, आणि त्यातून ठोके ऐकू येत होते.

"डूगल आहे!" नॉरिस ओरडला. "दार अडकलंय त्याचं!"

त्याने दोनदा पाण्यात उडी घेतली. दोन्ही वेळा लाटेने त्याला माझ्यावर आणून आदळलं. तेवढ्यात विमान कलंडायला लागलं. माझा दोर अजून विमानाला बांधलेला होता. फाटलेल्या पत्र्याची धार माझ्या कुशीला घासली आणि तिथे चीर पडली.

"दोर काप," आयव्हर म्हणाला. "नाहीतर आपल्यालाही घेऊन जाईल ते."

"दोराला कुणी हात लावायचा नाही!" नॉरिस म्हणाला. "तो ठोकतोय अजून!"

ट्रेगियरने दोर मुठीत धरला. जरा वेळ तसाच बसला.

"थांबलंय, कप्तान," तो म्हणाला, आणि सुरी फिरवली.

मित्रांनो, ठोके थांबले नव्हते. वाऱ्यात ते आता कुणाच्या कानावर पडत नव्हते, पण दोरातून मला कळत होते. आणि त्याच दोरावर ट्रेगियरची मूठ होती.

शेपूट पाण्याखाली गेलं. मग धुकं उतरलं.

माझ्या चिरेतून हवा जात होती. भोकं बुजवायची बुचं लाटेबरोबर वाहून गेली होती, हाताने दाबायचा एक भाता तेवढा उरला होता. ट्रेगियरने चिरेवर तळवा दाबला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"तुझं रक्त जातंय, अरे. मी धरतो," आयव्हर म्हणाला.

"तू भाता मार. मला पाय हलवता येत नाही. नुसता बसून काय करू, विणकाम?"

वर कुठेतरी एक विमान घरघरलं. तिघेही घसा फोडून ओरडले. ते निघून गेलं. मला इतकी भीती पंखातल्या काळोखातही वाटली नव्हती. आता मी मऊ पडत चालले होते, आणि मी मऊ पडले की ही माणसं संपणार होती.

अंधारून आल्यावर नॉरिसने विचारलं, "ट्रेगियर, खरंच थांबलं होतं ना रे?"

"थांबलं होतं. किती वेळा विचारशील? भाता मार."

त्याने चिरेवरचा तळवा आणखी घट्ट दाबला.

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं आणि एक मोटारबोट आम्हाला शोधत आली. खलाशी वाकून आधी ट्रेगियरला उचलायला लागले.

"त्याला नको!" नॉरिस म्हणाला. "आधी आम्हाला घ्या. त्याचा हात निघाला तर आम्ही बुडू."

"साहेब, पण हा तर गार पडलाय..."

"माहीत आहे. रात्रीपासून माहीत आहे."

नंतर मला ठिगळ लावलं आणि या संग्रहालयात आणून ठेवलं. कित्येक वर्षांनी नॉरिस काठी टेकत आला. एका मुलीने त्याला विचारलं, "आजोबा, शेपटातला माणूस खूप वेळ जिवंत होता का?"

"नाही बाळा," तो म्हणाला. "माझ्या मित्राने दोर हातात धरून पाहिलं होतं. ठोके थांबले होते."

मला वाचा नाही, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

आता नॉरिसही गेला, म्हणून तुम्हाला सांगितलं. मित्रांनो, मला पाहायला आलात तर खुशाल हात लावा. मुलं लावतातच. फक्त कुशीवर तळव्याएवढं एक ठिगळ आहे. त्याच्या कडा सुटत चालल्या आहेत. तेवढं नखांनी उचकटू नका.