सोजरबाई गाडीत चढल्या

येरवड्याच्या पुलाखाली फिरत्या दवाखान्याची पांढरी गाडी रोज सकाळी येऊन थांबायची, आणि सोजरबाई रोज तिच्याकडे पाठ करून बसायच्या.

बाई मूळच्या पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. नवरा गेल्यावर दिरांनी उसाचं रान विकलं. तिथं आता उंच इमारती उभ्या होत्या. सोजरबाईंना आधी एक खोली मिळाली, पुढं तीही गेली. दारू तेवढी सोबत राहिली आणि त्या पुलाच्या खांबाला येऊन टेकल्या. उजव्या पावलाला जखम झाली होती. फडकं गुंडाळून त्यांनी ती झाकली, पण वास झाकला जात नव्हता. शेजारी झोपणारे एकेक करून पलीकडच्या खांबाकडे सरकले होते.

गाडीतल्या डॉक्टर नम्रता रोज त्यांच्याजवळ येऊन उकिडव्या बसत.

"आजी, आत चला. मला पाय नीट बघू दे."

"हितंच बघ की."

"इथं कसं बघू? सूज कुठवर चढलीय बघायला लुगडं वर घ्यावं लागेल."

"मग ऱ्हाऊ दे. रस्त्यावर ऱ्हाती म्हणून रस्त्यावर उघडी बसू काय?"

खरी अडचण गाडीच्या पायरीची होती. ती होती गुडघ्याच्या वर. एका पायावर जोर देऊन चढणं सोजरबाईंना शक्य नव्हतं. एकदा ड्रायव्हर ज्ञानदेव आणि नर्स सुरुची यांनी त्यांना उचलून आत न्यायचा प्रयत्न केला, तर बाईंनी ज्ञानदेवच्या पाठीत काठी घातली.

"मी काय पोतं हाय का, उचलून टाकाया?"

त्या दिवसापासून ज्ञानदेव त्यांना लांबूनच नमस्कार करायचा.

हे सगळं शंभू रांगेतून बघत असे. तो यवतमाळकडचा. चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर होता. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुखणं थांबावं म्हणून घेतलेली इंजेक्शनं दुखणं थांबल्यावरही सुटली नाहीत. काम सुटलं, खोली सुटली, गावाकडचे फोन त्यानं स्वतःच घ्यायचे सोडले. पुलाखाली त्याचा दंड पिकून टम्म फुगला तेव्हा याच गाडीत नम्रतांनी तो फोडून साफ केला होता. आता तो रोज येऊन इंजेक्शनांची तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची गोळी घ्यायचा. ती विरघळेपर्यंत सुरुचीसमोर बाकावर बसावं लागे. तोंडात गोळी असल्यानं बोलता येत नसे, म्हणून तो ऐकत राही.

असाच एकदा बसलेला असताना त्यानं डॉक्टरांना सुरुचीशी बोलताना ऐकलं. "आजींचा पाय असाच राहिला तर कापावा लागेल. तेवढ्यावर थांबलं तरी नशीब म्हणायचं."

गोळी विरघळल्यावर शंभू म्हणाला, "मॅडम, या गाडीले उतार बसवला तं? बुडी आजी चालत येईन ना वर."

"आमच्या संस्थेनं गाडी बनवणाऱ्यांना विचारलंय. ते म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत पाय राहते काय? मी करून देतो."

ज्ञानदेव पुढच्या सीटवरून म्हणाला, "चहाचा कप तू दोन हातांनी धरतोस. तरी निम्मा सांडतोस."

शंभूनं मान खाली घातली. नम्रता मात्र त्याच्या हाताकडे बघत होत्या. नखं कापलेली होती. गेल्या महिन्यात तसं नव्हतं.

"ज्ञानदेव, त्याला माप घ्यायला दोरी द्या," त्या म्हणाल्या.

जवळच संजयचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिने असली कामं तिथं होत. शंभूला बघितल्याबरोबर संजय म्हणाला, "पुलाखालचा ना? मागच्या महिन्यात माझा ग्राइंडर चालत गेला. त्याला पाय फुटले असतील बहुतेक."

"मी इथं बसतो," ज्ञानदेव म्हणाला. "हा उठेपर्यंत उठत नाही. आम्हा ड्रायव्हर लोकांना बसायची सवय असते."

संजयनं भंगारातले दोन पाइप पुढं सरकवले आणि म्हणाला, "आधी हे जोडून दाखव."

शंभूनं काळी काच डोळ्यांपुढं धरली. वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला आणि रॉड टेकवला. ठिणगी उडाली, रॉड चिकटला. त्यानं झटका देऊन सोडवला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. तीन बोटांच्या मुठीत होल्डर फिरत होता आणि मनगट थरथरत होतं. बऱ्याच वेळानं जोड झाला. संजयनं तो उजेडात धरला.

"हे वेल्डिंग आहे का शेण थापलंय?"

मग त्यानं हातोड्याचा एक ठोका मारला. पाइप सुटून खाली पडला.

शंभू होल्डर ठेवून बाहेर पडला. ज्ञानदेव मागून हाका मारत होता, तरी तो थांबला नाही. कितीतरी वेळ तो नदीकाठानं भटकत राहिला. दिवस मावळायला आला तेव्हा पुलाच्या टोकाच्या भिंतीकडे निघाला. तिथं एक माणूस इंजेक्शनं विकायचा. तिकडं जायची वाट सोजरबाईंच्या खांबावरून होती.

"कुठं निघाला?" बाईंनी विचारलं.

"कुठीच नाही."

"कुठंच न जायाला त्या भिताडाकडं कुणी जात न्हाई."

शंभू थांबला. "नाही जमलं, आजी. हातच चालत नाही माहा."

सोजरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बुडीसाठी उतार करतो म्हणून पुलाखाली समद्यास्नी सांगत हिंडलास. म्या मागितला हुता काय? न्हाई मागितला. आता मला वाट बघायची सवय लागली, त्याचं काय करायचं ते सांगून जा."

तो तिथंच बसला.

"वास येतोय न्हवं?" थोड्या वेळानं बाईंनी विचारलं.

"येते."

"मग जा की तिकडं."

"नाही जात."

दोघंही पुलावरून जाणाऱ्या गाड्यांची धडधड ऐकत बसले. भिंतीजवळचा माणूस आला, त्यानं इकडंतिकडं बघितलं, थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. शंभूच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. सोजरबाईंनी पदराचं टोक त्याच्यापुढं केलं. "पूस तोंड," त्या म्हणाल्या.

सकाळी त्यानं गोळी घ्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगून टाकलं. "काल मी जात होतो, मॅडम. अर्ध्या वाटेवर होतो. रोज संध्याकाळी असा घाम सुटते."

"जावंसं वाटतं तो आजार आहे," नम्रता म्हणाल्या. "तू गेला नाहीस, हे तुझं काम आहे. घामाचं मला आधी सांगायचंस. गोळी थोडी वाढवावी लागेल." मग त्यांनी त्याचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून दाबून पाहिली. "पकड अंगठ्यात चांगली आहे. मनगटाला टेकू देऊन बघ."

तो परत दुकानात गेला तेव्हा संजयनं भुवया वर केल्या, पण अडवलं नाही. होल्डरच्या मुठीला शंभूनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे ती हातात फिरेना. मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. भंगाराच्या तुकड्यांवर तो जोडत राहिला, तोडत राहिला. पहिले दोन दिवस संजय बोलून दाखवायचा. तिसऱ्या दिवशी त्याचं बोलणं बंद झालं. आठवडा संपता संपता त्यानं एक जोड उजेडात धरला, हातोडा मारला आणि पुन्हा मारला. जोड हलला नाही.

संजय आत गेला आणि नवे कोरे चौकोनी पाइप खांद्यावर घेऊन आला.

"भंगारावर हात बसतो, पण उतार भंगाराचा नको. म्हातारं माणूस चढणार आहे."

उतार तयार झाला तो शंभूच्या डोक्यात होता तसाच. गाडीच्या मागच्या दाराला बिजागऱ्यांवर बसणारा, दुमडून आत जाणारा, पाय घसरू नये म्हणून खरखरीत पत्र्याचा. दोन्ही बाजूंना धरायला दांडे होते. सोजरबाईंच्या हाताची उंची त्यानं त्या झोपलेल्या असताना त्यांच्या काठीवरून मोजून घेतली होती.

गाडी पुलाखाली आली आणि उतार खाली टेकला, तेव्हा अख्खा पूल बघायला जमला. ज्ञानदेवनं त्यावर उड्या मारून पाहिल्या. "मला पेलतोय म्हणजे आजींना पेलेलच," असं म्हणून तो बाजूला झाला.

सोजरबाईंनी सकाळीच नळावर डोकं धुतलं होतं. सुरुचीनं दिलेलं हिरवं लुगडं त्या नेसल्या होत्या. काठी टेकत त्या उतारापाशी आल्या. नम्रतांनी हात पुढं केला.

"हात लावायचा न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यांनी काठी शंभूकडे दिली आणि दोन्ही दांडे धरले. डावा पाय पुढं टाकला, उजवा ओढून घेतला. तोंड वेदनेनं वाकडं झालं, पण थांबल्या नाहीत. मध्यावर दम लागला तेव्हा दांड्यांवर भार टाकून उभ्या राहिल्या. मग पुन्हा डावा पाय, पुन्हा उजवा. वर पोचल्यावर त्या वळल्या आणि खाली जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्या लोकांकडे वरून बघत होत्या.

"काय बघताय? दवाखान्यात आलीया मी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. सुरुचीनं दार लावून घेतलं.

बंद दाराआड त्यांनी आपण होऊन लुगडं वर घेतलं. नम्रतांनी फडकं सोडवलं आणि बराच वेळ जखम तपासली. दोन बोटं काळी पडली होती, पण पावलात अजून ऊब होती.

"आजी, बोटं जातील. पाऊल वाचवता येईल असं मला वाटतं. पण आज, आत्ता हॉस्पिटलमध्ये जावं लागेल. दारू एकदम बंद होईल, त्याचाही त्रास होईल. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगते."

सोजरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "ह्याच गाडीनं न्याल?"

"याच गाडीनं."

"मग चला. आता चढलीच हाय तर."

वॉर्डातले पहिले दिवस वाईट गेले. बाईंना भिंतीवर मुंग्या दिसायच्या, दीर उशाशी उभे दिसायचे, त्या ओरडायच्या. शंभू रोज संध्याकाळी जायचा आणि त्या शांत होईपर्यंत पलंगाच्या कडेला बसायचा. औषधांनी हळूहळू मुंग्या गेल्या. बोटं काढली, रक्तातली वाढलेली साखर आटोक्यात आली, पाऊल राहिलं. ज्या सकाळी शुद्धीवर नीट आल्या त्या सकाळी त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि मग शंभूच्या हाताकडे.

"तुझी दोन गेली, माझी दोन गेली. आता कुणी कुणावर हसायचं न्हाई."

शंभू हसला आणि मग त्याला रडू आलं. बाई तिकडं बघत नसल्यासारखं दाखवत राहिल्या.

पुलाखाली त्या उताराला आता विसावा नव्हता. चाकाच्या पाटावरून सरकणारा भैरू, आतापर्यंत गाडीच्या चाकापाशीच तपासून घेणारा, पहिल्यांदा आत आला आणि बाकावर बसून म्हणाला, "आत पंखा पण आहे होय?" कात्रजच्या बाजूला फिरणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या गाडीलाही तसाच उतार हवा होता. ते काम संजयनं घेतलं आणि शंभूला दुकानात ठेवून घेतलं. राहायला माळ्यावरची जागाही दिली. ग्राइंडरला मात्र तो अजून साखळी लावत होता. "तुझ्यामुळं नाही. सवय," असं सांगून.

सोजरबाई महापालिकेच्या निवाऱ्यात राहायला गेल्या. एका दुपारी, कुणाला न सांगता, त्या तिथून निघाल्या. पायात मऊ तळव्याचे नवे बूट, हातात काठी. रस्ता त्यांनी सिग्नलवर थांबून नियमानं ओलांडला. एका रिक्षावाल्यानं "आजी, सोडू का?" विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पाय हाईत."

दुकानात शंभू लोखंडी टेबलाला टेकवलेल्या दुसऱ्या उताराच्या शेवटच्या जोडावर होता. काळ्या काचेमागं त्याला काही दिसत नव्हतं. संजयनं बघितलं आणि उठून खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत. ठिणग्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग शंभूनं काच खाली घेतली.

"आजी? कशा आल्या?"

"चालत," सोजरबाई म्हणाल्या.

त्यांनी उताराभोवती एक फेरी मारली. दांडा धरून हलवून पाहिला, पत्र्यावर बुटाचं पाऊल ठेवून जोर दिला. मग काठी संजयच्या हातात देऊन त्या मोकळ्या हातांनी, दांड्याला न शिवता, उतार चढून गेल्या आणि वर उभ्या राहून म्हणाल्या, "चांगला झालाय. पाठवा कात्रजला."