कमी गटातली मुलं

आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे आहे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ मुकुंद, कोयलीला रिफायनरीत शिफ्टला जातो आणि घरी आला की खाली मान घालून जेवतो. पद्मावहिनी तर गरीब गाय. भाजीवाला सडके टोमॅटो घालत असतो, तरी ही त्याला 'भाई, जरा सारां आपजो ने', म्हणजे जरा चांगले द्या हं, असं म्हणते. राहिले मी, मृदुला, नावाच्या अगदी उलट. लग्न केलं नाही, बडोद्यात हरणीला ह्या दोघांबरोबरच राहते आणि सयाजीगंजात बसच्या तिकिटांच्या ऑफिसात काम करते. खिडकीची सीट मिळाली नाही म्हणून माणसं दिवसभर माझ्याशी भांडतात, त्यामुळे सराव सुटत नाही.

ह्या दोन गरीब माणसांच्या पोटी आमची ईशानी जन्मली. अकरावीला तिनं सायन्स सोडून आर्ट्स घेतलं आणि त्यातही हट्टानं मानसशास्त्र. नातेवाइकांनी नाकं मुरडली, वेड्यांचं शास्त्र शिकून काय करणार म्हणाले, पण पोरगी बधली नाही. शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत तिनं आम्हाला सुखानं जगू दिलं नाही. कुकरची शिट्टी झाली की दादा पेपर ठेवून पाटावर येऊन बसतो, तर ही म्हणे, बाबा, घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या त्या कुत्र्याचं आणि तुमचं सेम आहे. बापाला कुत्रा म्हटलं तरी बाप हसला, इतका तो तिच्यावर खूश होता. वहिनीला ती शब्द पाठ करायला लावायची आणि मग मध्येच भाजीचं काहीतरी विचारून किती विसरली ते बघायची. मला विचारलं, आत्या, तुला राग आधी अंगात येतो की मनात? मी म्हटलं, बाई गं, माझा थेट जिभेवर येतो.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत ही पोरगी मिटून गेली. जेवताना बोलेना, पुस्तक उघडेना. चाचणीत मार्क कधी नव्हे ते घसरले. एका रविवारी सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं की तिला शाळा सोडायची आहे. मैत्रिणीच्या बहिणीचं पार्लर आहे, तिथे शिकेन म्हणाली. पार्लरला माझी ना नाही, चांगलं काम आहे. पण ती ते आवडीनं म्हणत नव्हती. भाकरी करपली तर दुसरी थापू, अशा सुरात म्हणत होती.

मी तिला गच्चीवर नेलं. वाळत घातलेले कपडे काढायचे होते, ते काढता काढता खोदून खोदून विचारलं. आधी काही नाही, काही नाही, आणि मग चादर तोंडाला लावून जी रडली ती थांबेना. सुट्टीनंतर वर्गात मानसशास्त्राच्या सरांनी बुद्धीची चाचणी घेतली होती. मग एकेकाला प्रयोगशाळेत बोलावून निकाल सांगितला. हिला सांगितलं की तुझी शिकायची कुवत सरासरीपेक्षा कमी आहे, वाईट वाटून घेऊ नकोस, पण फार मोठी स्वप्नं बघू नकोस. आणि वर, हे कुणाला सांगू नकोस. सोळा वर्षांची पोर ते गिळून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खाली येऊन मी दादाला सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस पेटेल. तो हातातला रिमोट बाजूला ठेवून म्हणाला, "मास्तर खोटं कशाला सांगतील, मृदुला?"

इथे मला आमच्या लोकांबद्दल बोललंच पाहिजे. आमचे आजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून बडोद्यात आले. तिसरी पिढी झाली, स्वप्नंसुद्धा अर्धी गुजरातीत पडतात, तरी 'आपण नोकरीसाठी आलेली माणसं, जपून राहावं, कुणाच्या अध्यातमध्यात जाऊ नये' हे काही रक्तातून जात नाही. सोसायटीत पाणी कमी आलं तरी आम्ही मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसतो. त्यात मानसशास्त्राचे हे अभिजितसर पडले मराठी. पणजोबा संस्थानात मोठे अंमलदार, घरी अजून शुद्ध मराठी, गुजरातीचा वाराही नाही. पालकसभेत दादानं माझ्यासमोर त्यांना हात जोडून सांगितलं होतं, सर, पोरगी तुमच्या पदरात घातली, तुम्ही घरचेच. आमच्यात शिक्षकाला असंच सांगतात. त्यानंतर पोराचं काय चाललंय हे विचारायला जाणं म्हणजे शिक्षकाचा अपमान. आपला माणूस भेटला की आमची माणसं डोळे मिटून घेतात, आणि वर त्याला संस्कार म्हणतात.

मी कसले संस्कार पाळतेय? दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन करून रजा टाकली आणि ईशानीला स्कूटरवर मागे बसवून शाळेत गेले. तिनं वाटेत दोनदा विनवलं की आत्या, तमाशा करू नकोस. मी म्हटलं, तू वर्गात जा, मी फक्त भेटून येते.

अभिजितसर शिक्षकांच्या खोलीत होते. उठून उभे राहिले, या मृदुलाताई म्हणाले, शिपायाला चहा सांगितला. माणूस गोड, हे मान्य करायला हवं. मी बसले नाही. सरळ विचारलं की माझ्या भाचीला मंद म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. तर ते चक्क हसले. म्हणाले, अहो, घाबरू नका, त्यात काहीच खरं नाही. ती चाचणी मी तपासलीसुद्धा नाही. अर्ध्या वर्गाला सांगितलं की तुम्ही हुशार आहात, अर्ध्याला सांगितलं की कमी आहात. आता टर्म संपेपर्यंत कुणाचे मार्क चढतात, कुणाचे उतरतात ते बघायचं. शिक्षकांच्या अधिवेशनात ते हा प्रयोग मांडणार होते.

एक क्षण मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्ची धरली. आमची पोर ठीक होती. आणि दुसऱ्याच क्षणी माझं डोकं असं फिरलं की समोरचा चहा त्यांच्या अंगावर जायचा तो त्यांचं नशीब म्हणून टेबलावर राहिला.

मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता तिला सांगा. ते म्हणाले, टर्म संपू द्या, शेवटी सगळ्यांना खरं सांगायचंच असतं, तसा नियमच आहे. आत्ता सांगितलं तर एवढ्या दिवसांची मेहनत वाया जाईल.

"कुणाची मेहनत?" मी विचारलं. "तिकडे ती शाळा सोडायला निघालीय."

सर जरा चपापले. एवढं होईल असं वाटलं नव्हतं म्हणाले. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं, मला समजवायला लागले की तुमच्या बंधूंनी तर मुलगी माझ्या पदरात घातली होती, मी काय तिचं वाईट करीन का. म्हणजे बघा, दादाचे जोडलेले हात ह्या माणसानं परवानगी म्हणून खिशात टाकले होते. चोर तो चोर, वर शिरजोर.

मग मी माझा ऑफिसातला आवाज काढला, तोही गुजरातीत, म्हणजे व्हरांड्यातल्या सगळ्यांना नीट कळेल असा. आजूबाजूचे शिक्षक वह्या तपासायचे थांबले. प्रिन्सिपलबाईंच्या खोलीचं दार उघडलं. सर घाईघाईनं म्हणाले, चला, आत्ताच सांगतो. पुढचा तास त्यांचाच होता. मी दारात उभी राहीन म्हटलं, ते नको म्हणाले नाहीत. नको म्हणायची त्यांची टाप नव्हती.

वर्गात चाळीसएक पोरं. ईशानी खिडकीकडच्या रांगेत, मला बघून तिनं मान खाली घातली. सरांनी फळ्याजवळ उभं राहून गुजरातीत सगळं सांगितलं. छान सांगितलं, शिकवायला येतं त्यांना. माणसाला तू असा आहेस म्हटलं की तो हळूहळू तसा होतो, हे बघायचं होतं. निकाल खोटे होते, कुणी हुशार नाही, कुणी कमी नाही, मन साफ ठेवा. पुढच्या बाकावरचा धवल म्हणून एक मुलगा होता, त्याचा चेहरा पडला. त्याला हुशार म्हटलं असणार. बाकी पोरं हसली, एकमेकांना ढोसायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो. आता घरी जाताना पोरीला दाबेली खायला घालावी.

ईशानी हसली नव्हती. ती उभी राहिली.

"सर, माझी आत्या भांडायला आली म्हणून तुम्ही असं सांगताय," ती म्हणाली. रागानं नाही, समजूतदारपणे. "चालेल सर. मला तसंही कळलंय. माझे मार्कसुद्धा कमीच आले."

ह्यांनी तिला खोटं सांगितलं तेव्हा तिनं एका फटक्यात खरं मानलं, आणि आता खरं सांगतायत तर तिला ती दया वाटत होती. उलट त्यांनाच सांभाळून घेत होती बिचारी. दोन वाक्यांत घातलेलं विष असं दोन वाक्यांत निघत नाही, हे मानसशास्त्राच्या मास्तरला ठाऊक नसावं? मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं आणि मला रडायचं नव्हतं.

सरही गडबडले. तसं नाही बेटा, तू एकटी नाहीस, असं काहीतरी म्हणाले. आणि तिची खात्री पटावी म्हणून वर्गाकडे वळून म्हणाले, ज्यांना ज्यांना मी कमी सांगितलं होतं त्यांनी हात वर करा.

पोरं आधी हात वर करेनात. लाज वाटणारच. सर पुन्हा म्हणाले, अरे, खोटं होतं ते, करा. मग एक हात वर झाला, मग दोन, मग बरेच. अमोघ, कोयलीच्या कॉलनीतला, ह्याचा बाप दादाबरोबर शिफ्टला असतो. यशश्री, आमच्या मागच्या सोसायटीतली. प्राची, हिची आई गणपतीत माझ्या शेजारी बसून मोदक वळते. मी दारातून एकेक तोंड बघत गेले. अर्धा वर्ग तर नव्हताच तो. आणि त्यातलं एकूण एक पोर मी ओळखत होते.

ईशानी पण बघत होती. खिडकीपासून दारापर्यंत तिची नजर सावकाश फिरली, मग परत उलटी फिरली. ती आता मघासारखी मान खाली घालून उभी नव्हती. घरी वहिनीचे विसरलेले शब्द मोजताना तिच्या कपाळावर एक आठी पडायची, ती मला कितीतरी दिवसांनी दिसली.

"सर," ती म्हणाली, आणि सगळ्या वर्गाला कळावं म्हणून तिनं ते गुजरातीत विचारलं, "प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे असतात, असं तुम्हीच शिकवलंत. मग कमी गटात आम्ही सगळे मराठीच कसे आलो?"

हात वर केलेल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. धवलनं मागे वळून हात मोजले आणि शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

अभिजितसरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. योगायोग म्हणून सुटता आलं असतं, पण दारात मी उभी होते, आणि माझ्या मागे प्रिन्सिपलबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते मलाही कळलं नव्हतं. सर मराठीत बोलायला लागले. बहुतेक त्यांना वाटलं असावं की मराठीत बोललं की गोष्ट घरातल्या घरात राहील.

"बाकीच्यांचे पालक लगेच येऊन आरडाओरडा करतात, ईशानी. आपली माणसं समजून घेतात," ते म्हणाले. "तुमच्या घरचं कुणी विचारायला येणार नाही, असं वाटलं मला."

मी तोंड उघडलं होतं. आयुष्यभराचा सराव होता, जिभेवर शब्द तयार होते. पण ईशानीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी विचारतेय, सर," ती म्हणाली, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसली नाही.